ज्याचा हात लागेल त्याच्यावर

"शालन, तुझ्या गोधडीच्या सुया दे गं. तीन दे."

मी मशीनवर होते. शाळेच्या दप्तरांचे पट्टे शिवायचं काम मी तेव्हा घरी आणायची. मथुरावहिनी मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवी बसली होती. पुढ्यात पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास आणि हातात ते बी. लिंबाहून मोठं, गुळगुळीत, एका बाजूला निमुळतं आणि एका बाजूला बसकं.

"कशाला?"

"बियाला टोचायच्यात."

"काडेपेटीच्या काड्या टोचल्या होत्यास की."

"काड्या मऊ पडतात. काल सगळं बी आत बुडालं. अर्धं पाण्यात, अर्धं वर पाहिजे. पूर्ण बुडालं तर कुजतं."

मी सुया दिल्या. तिनं बियाच्या कमरेला तीन बाजूंनी तीन सुया खुपसल्या आणि ते ग्लासाच्या काठावर टांगलं. मग लांबून बघितलं, नवीन फोटो भिंतीवर लावल्यावर बघतात तसं.

"वहिनी, किती दिवस चालणार हे?"

"फुटेपर्यंत."

वहिनी मार्केटयार्डात विलायती भाज्यांच्या गाळ्यावर निवडायच्या कामाला होती. हॉटेलात जाणारा माल. फुलकोबीसारखं दिसणारं पण हिरवं, काकडीसारखं दिसणारं पण काकडी नसलेलं, असलं सगळं. मऊ पडलेला माल बायकांनी नेला तरी शेठ बोलत नसे. असंच एक काळपट, दाबलं की बोट आत जाणारं फळ तिनं एकदा आणलं होतं. गाळ्यावर त्याला बटरफ्रूट म्हणत. आईनं हुंगून बाजूला सारलं. म्हणाली, "कुजलंय." दादानं एक चमचा तोंडात घातला आणि मोरीत जाऊन थुंकला. "साबण हाय साबण. पैसे देऊन खातात लोक हे?" मी मीठ-मिरची लावून खाल्लं. बरं लागलं, वाईट लागलं, काहीच कळलं नाही. वहिनीनं मात्र बी धुतलं, पुसलं आणि फडक्यात बांधून ठेवलं.

कुर्गकडून माल आणणारा ड्रायव्हर तिला म्हणाला होता की आमच्याकडं दारोदारी ही झाडं आहेत, आंब्याएवढी होतात. पण बियापासून लावलं तर फळ यायला खूप वर्षं लागतात. येईल, नाही येईल, सांगता येत नाही. हे ती घरी हसत सांगत होती, तर दादा ताटावरून म्हणाला, "वांझेनं वांझ बी आणलंय. जोडी जमली."

वहिनीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. आई जेवत राहिली, आणि मीही.

लग्नाला खूप वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वहिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि सगळ्या चांगल्या आल्या होत्या. दादानं स्वतःची एकही केली नव्हती. "मला काय झालंय?" म्हणायचा आणि छाती पुढं काढायचा, जसं काही मूल छातीतून होतं.

त्या ग्लासानं घरात भांडणं लावली. टेकडीवरची वस्ती उठवून आम्हाला या बिल्डिंगीत कोंबलं होतं. दुसरा मजला, एक खोली, खोलीतच ओटा, ओट्याला लागून मोरी. मोजून दिलेली जागा. मोजणाऱ्याच्या घरात बहुतेक माणसं नसावीत. आम्ही चौघं आणि माझं मशीन. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगीची भिंत हाताला लागायची, ऊन नावाला नाही. वहिनीनं ग्लास ओट्यावर ठेवला, तर आईनं तो दोनदा फोडणीच्या धुरातून उचलून खाली ठेवला. टीव्हीवर ठेवला, तर दादानं मॅच बघताना ढकलला. मोरीच्या फळीवर ठेवला, तर त्यात साबणाचं पाणी गेलं. तिथं बियाची साल काळी पडली, म्हणून वहिनीनं नखानं ती सोलून काढली. आतून बी पांढरट निघालं आणि बघता बघता तांबूस झालं, कापलेलं सफरचंद होतं तसं, पण त्याहून लाल.

शेवटी तिनं ग्लास बाहेर नेला. पॅसेजच्या टोकाला सिमेंटची जाळी होती आणि सकाळचं ऊन अख्ख्या मजल्यावर फक्त तिथं यायचं. जाळीच्या कठड्यावर ग्लास बरोबर बसला. पण ती जाळी शेजारच्या गोदाक्काच्या दाराला लागून होती. आणि गोदाक्काची सून रेश्मा पोटुशी होती.

कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आम्हाला तो कठडा दिसला, ऊन दिसलं. दार दिसलं नाही.

त्याच आठवड्यात आईनं तो विषय काढला. तांदूळ निवडता निवडता, वर न बघता.

"मथुरे, रविवारी माझ्या माहेराकडची माणसं येणार हायती. पोरीचा मामा, चुलता."

"कुठली पोरगी?"

"नामदेवसाठी."

नामदेव म्हणजे माझा दादा. वहिनीचा नवरा. तो तिथंच बसून बुटाला पॉलिश करत होता.

"तुला कोणी हाकलत नाही," आई म्हणाली. "तू बी राहा. बहिणीसारख्या राहा दोघी. नाहीतर फारकत घे, माहेरी जा, तुझ्या मनावर हाय. जबरदस्ती नाही."

"आत्या, राहू कुठं?" वहिनी म्हणाली. आवाज साधाच. "खोलीत माझा ग्लास मावत नाही. दुसरी बाई कुठं मावणार?"

"बाई मावते. बाईला काय लागतं?"

दादा बूट चमकवत राहिला. मी म्हटलं, "दादा, आधी स्वतःला दाखव की डॉक्टरला." त्यानं तोच बूट माझ्या दिशेनं फेकला. मशीनला लागला. एवढंच.

वहिनीचे आईबाप गेलेले होते. माहेरी एक भाऊ आणि त्याची बायको, जी हिला दिवाळीलाही थांब म्हणत नसे. म्हणजे माहेरी जा याचा अर्थ जिथं जायचं तिथं जा. आईला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. रविवार जवळ येत होता, आणि वहिनी रोज सकाळी जाळीपाशी जाऊन ग्लासातलं पाणी बदलत होती. मला तिचा राग यायला लागला. घर हातातून चाललंय आणि ही बाई बी बघत बसलीय. रडत का नाही? भांडत का नाही? मी विचारलं, "वहिनी, तुला कळतंय का काय चाललंय?"

"पाणी बदललं नाही तर वास येतो," ती म्हणाली.

शनिवारी पाण्याचं आणि वहिनीचं जमलं नाही. मार्केटात जादा माल आला होता, ती पहाटेच गेली आणि पाणी तसंच राहिलं. संध्याकाळी ती नुकतीच येऊन चपला काढत होती, तेवढ्यात बाहेर गोदाक्काचा आवाज आला.

आम्ही बाहेर आलो. गोदाक्का जाळीपाशी उभी होती. एका हातात तो ग्लास, अंगापासून लांब धरलेला. दुपारी रेश्माच्या पोटात दुखलं होतं, अंगावर थोडं गेलं होतं, दवाखान्यात नेऊन आणलं होतं आणि डॉक्टरनं झोपून राहायला सांगितलं होतं. सुनेला आत निजवून गोदाक्का जरा हवेला म्हणून दारात आली, आणि तिला कठड्यावरचा ग्लास दिसला.

मी पण पहिल्यांदाच नीट बघितला. खोटं कशाला सांगू, मीही एक पाऊल मागं सरले. पाणी लाल झालं होतं. गढूळ, तांबडं लाल. त्यात तो सोललेला गोळा, तीन सुया आरपार खुपसलेल्या, आणि गोळा मधोमध उभा चिरलेला. लहान मुलाची टाळू असते ना, तशी चीर. आमच्याकडं लिंबाला टाचण्या टोचून दारात टाकतात, ते सगळ्यांनी बघितलंय. हे लिंबापेक्षा भारी होतं.

"कुणाचं हाय हे?" गोदाक्का म्हणाली.

मजल्यावरची दारं उघडली. माणसं जमली. सगळे ग्लासाकडं बघतात आणि मग वहिनीकडं. मूल नसलेली बाई, शेजारी पोटुशी सून. हिशेब लावायला कोणाला वेळ लागला नाही.

मी पुढं झाले. "आक्का, अहो बी आहे ते. बटरफ्रूटचं. झाड लावायचं होतं तिला."

"बियाला सुया कोण टोचतं गं?"

"बुडू नये म्हणून."

"बुडू नये म्हणून?" ती लोकांकडं बघून म्हणाली. "ऐकलं का? बी कशात लावतात? मातीत. ही रक्तात लावती."

"रक्त नाही, त्याचा रंग उतरलाय. साल काढली म्हणून."

"तुला बरं सगळं माहीत. सुया कुणाच्या? तुझ्याच शिवणाच्या ना?"

खरं बोलत होते आणि एकेक शब्द खोटा वाटत होता. माझा मलाच. दादा मागं उभा होता, त्याचा चेहरा पांढरा. मी म्हटलं, "दादा, तू सांग की, तू खाल्लंस ते फळ." तर तो म्हणाला, "मी थुंकलो होतो." आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई बाई, माझ्या घरातून हे." म्हणजे तिनं आम्हाला तिथंच सोडलं.

गोदाक्कानं डाव्या हातानं वहिनीचा अंबाडा धरला. ग्लास उजव्या हातात तसाच. "बोल. बोल नाहीतर जिन्यावरून खाली घालीन."

मागून कोणीतरी म्हणालं, घालाच. असल्या बायकांना काय करतात ते मी पेपरात वाचलेलं होतं. गावात नाही, शहरातच.

वहिनीची मान वाकडी झाली होती. तशा वाकड्या मानेनं ती ग्लासाकडं बघत होती. म्हणजे मला तेव्हा वाटलं, ती घाबरून बघतेय. मग ती म्हणाली,

"बी नाही ते. करणी हाय. मीच केलीय."

मी म्हटलं, "वहिनी, काय बोलतेस?" तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"कुणावर?" गोदाक्कानं विचारलं.

"ज्याचा हात लागेल त्याच्यावर."

मी जन्मात विसरणार नाही. गोदाक्काचा डावा हात वहिनीच्या केसांतून असा सुटला, जसा तापलेल्या तव्यावरून सुटतो. पण उजव्या हाताचं काय? ग्लास उजव्या हातात होता. तिनं तो कठड्यावर ठेवायला हात पुढं केला.

"ठेवू नका, आक्का," वहिनी अंबाडा सावरत म्हणाली. "खाली ठेवला तर जागेला लागंल. सांडला तर बघाच."

"मग करू काय?"

"धरा."

आणि गोदाक्का ग्लास धरून उभी राहिली. तिचा मुलगा टेम्पो चालवायचा, तो जिना चढून आला, आईकडं धावला आणि अर्ध्यात थांबला. "आये, दे इकडं," म्हणाला, पण हात पुढं केला नाही. लोक दोन पावलं मागं सरकले. मघाशी जिन्यावरून घाला म्हणणारा कोण होता, तो आधी जिना उतरला. वहिनीच्या भोवती एवढी मोकळी जागा मी कधी बघितली नव्हती. आमच्या बिल्डिंगीत कोणाच्याच भोवती नसते.

सुदामबुवाला बोलावलं. दिवसा रिक्षांचे मीटर दुरुस्त करायचा, संध्याकाळी अंगात यायचं. हाताला ऑइल तसंच होतं. त्यानं लांबून ग्लास न्याहाळला, कपाळाला आठ्या घातल्या. त्यानं आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं. पण नाही म्हटलं तर धंदा बसतो.

"जुनी विद्या हाय," तो म्हणाला. "वाहत्या पाण्यात सोडा."

"पाण्यानंच फुटलंय ते," वहिनी म्हणाली. "पाण्यात सोडलं तर वाढंल."

बुवा विचारात पडला. "मग जाळा."

"जाळा. धूर कुणाकुणाच्या खोलीत जातो बघा."

खालच्या मजल्यावरच्या बायका कुजबुजल्या. बुवानं घसा खाकरला. "मग राहिलं काय? पुरायला लागंल. मी तेच म्हणणार होतो."

"बुवांना समजलं," वहिनी खाली मान घालून म्हणाली. "पण ज्याच्या हातात हाय त्यानंच पुरलं पाहिजे. सुया हळू काढून. बसकी बाजू खाली, चीर गेलेली बाजू वर. पार झाकायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं. उलटं पुरलं तर उलटंल."

"उलटंल," बुवानं मान हलवली. "बरोबर हाय. उलटंल."

मी वेड्यासारखी बघत होते. ही बाई सकाळी गाळ्यावर विलायती भाज्या निवडते आणि संध्याकाळी भगताला करणी शिकवते. मला वाटलं, खरंच का? इतकी वर्षं एकाच खोलीत झोपलो, हिचं मला काहीच माहीत नाही का? त्या ग्लासात खरंच काहीतरी होतं का? मीच त्याला बी समजून बसले होते का?

वरात खाली गेली. पुढं गोदाक्का ग्लास धरून, मागं बुवा, त्याच्या मागं सगळी बिल्डिंग. जाळीच्या बरोबर खाली, कंपाउंडच्या कोपऱ्यात मातीची एक पट्टी होती. अख्ख्या आवारात फरशी न टाकलेली तेवढीच जागा. तिच्यावरून वर्षभर भांडणं चालली होती. गोदाक्काचा मुलगा तिथं टेम्पो लावायचा. दादाला तिथं मोटरसायकल लावायची होती. एकाला तिथं टपरी टाकायची होती. वहिनीनं पूर्वी एकदा विचारलं होतं, तिथं एक झाड लावू का, तर सगळे हसले होते.

त्या रात्री मुलानं स्वतः होऊन टेम्पो मागं घेतला. गोदाक्कानं ग्लास डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं उलथन्यानं खड्डा केला. कोणी मदतीला गेलं नाही. सुया काढायला तिला एवढा वेळ लागला की मलाच जाऊन काढाव्याशा वाटल्या. तिनं बी ठेवलं, बसकी बाजू खाली. माती लोटली. डोकं उघडं ठेवलं. ग्लासातलं लाल पाणी बुवानं तिला वरूनच ओतायला सांगितलं. मग त्यानं माणसांकडं वळून हुकूम केला. यावर पाय पडता कामा नये. गाडी लावायची नाही. काही उगवलं तर उपटायचं नाही, तोडायचं नाही.

"आणि शांत ठेवायला रोज पाणी लागंल," वहिनी हळूच म्हणाली.

"रोज पाणी," बुवा म्हणाला. "कोण घालणार?"

लोक पायाखालची फरशी न्याहाळायला लागले.

"जिनं केली तिनं घालावं," बुवा म्हणाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

रविवारी आईच्या माहेरची माणसं आली. गेटपाशी त्यांना कोणीतरी गाठलं. मामा वर आलाच नाही. चुलता वर आला, चटईच्या काठावर बसला, वहिनीनं पोहे पुढं ठेवले. त्यानं बशीकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं आणि म्हणाला, "उपास हाय." थोड्या वेळानं निघून गेला. पुन्हा त्या पोरीचं नाव आमच्या घरात निघालं नाही. दुसऱ्या कुठल्या पोरीचंही नाही. असल्या घरात पोरगी कोण देणार?

"हिला घालवून दे," आई दादाला कुजबुजली. वहिनी पाण्याला गेली होती.

"तू घालव," दादा म्हणाला. "जाताना काय करून जाईल कुणाला माहीत."

मग मी वहिनीला गाठलं. ती खाली त्या पट्टीशी बसून तांब्यानं पाणी घालत होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. आता तिच्या आजूबाजूला कोणी नसायचंच.

"वहिनी, खरं सांग. बी होतं ना ते?"

"तुला नाही माहीत?"

"मला काही कळत नाही. बी होतं तर तू बी म्हणून का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस की," ती म्हणाली. "ऐकलं कोणी?"

मी तिच्याशेजारी खाली बसले.

"बी म्हणून कबूल केलं असतं," ती तांब्या पालथा करत म्हणाली, "तर फेकून दिलं असतं."

एवढंच बोलली. बियाबद्दल बोलली असं मी तेव्हा समजले. किती तरी दिवस तसंच समजत होते.

लोक म्हणतील, वा, वहिनी जिंकली. घंटा जिंकली. त्या दिवसापासून हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. डोहाळजेवण असलं की तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा बघून करायचे. जिन्यात ती दिसली की बायका पोरांना भिंतीकडं ओढायच्या. माझं जमत आलेलं लग्न मोडलं, मग दोन वर्षांनी लांबच्या गावी झालं. रेश्माला वेळेवर मुलगी झाली, ठणठणीत. ते पुण्य सुदामबुवाच्या खात्यात गेलं. त्याचा धंदा वाढला, मीटर दुरुस्ती बंद झाली. मुलीला काही झालं असतं तर ते कोणाच्या खात्यात गेलं असतं हे सांगायला नको. त्या बाईनं पैजेला स्वतःचा जीव लावला होता, आणि दुसऱ्याच्या पोटावर लावला होता. याला जिंकणं म्हणतात का? मी अजून ठरवू शकलेले नाही.

पण एक सांगते. दादा तिच्या हातचं खायला भ्यायचा. ती आधी जेवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. तिनं भाकरी मोडायची, भाजीला लावायची, खायची, आणि मग त्यानं सुरू करायचं. आई पण तसंच. त्या अख्ख्या बिल्डिंगीत एकच बाई होती जी नवऱ्याच्या आणि सासूच्या आधी जेवायची, गरम गरम, पोटभर. आई गेली तोवर हे चाललं. दादा आहे, अजून चालू आहे.

झाड आलं. आधी एक लालसर काडी, मग पानं. टेम्पो, टपरी, मोटरसायकल, कोणी जवळ फिरकलं नाही. पोरांचा चेंडू तिकडं गेला तर नवीन चेंडू आणायचे. फांदी वाढली तरी कोणी छाटली नाही, वायरला लागली तरी वायरमनला कोणी बोलावलं नाही. ते पहिल्या मजल्यापर्यंत आलं, मग दुसऱ्या. आणि फळ मात्र नाही. "वांझ," दादा म्हणायचा, पण आता हळू आवाजात.

परवा मी माहेरी गेले होते. पॅसेजच्या जाळीतून एक फांदी आत आली होती, बरोबर त्या कठड्यावर, जिथं ग्लास होता. तिला फळं लागली होती. गेल्या वर्षीपासून लागतात म्हणे. वहिनी दारात बसून एक फळ चमच्यानं खात होती. मीठ-मिरची लावलेली. तिनं अर्धं मला दिलं.

गोदाक्काची नात सानिका कॉलेजातून आली. तीच ती, पोटातली; करणीची गोष्ट तिच्या कानावर कोणी घातली नव्हती. पाठीला सॅक, कानात वायरी. जाळीपाशी थांबली, फांदीकडं बघितलं, मग फोनमध्ये काहीतरी बघितलं, पुन्हा फांदीकडं.

"काकू, हे अ‍ॅव्होकाडो आहे. माहितीय तुम्हाला?"

"असंल बाई. आम्ही बटरफ्रूट म्हणतो."

"एवढं मोठं झाड इथं? वेड लागलंय का, मी रोज खालून जाते. तोडू एक?"

वहिनी माझ्याकडं बघून किंचित हसली. मग तिला म्हणाली, "तोड की. देठ ठेवून तोड."

सानिकानं हात वर केला आणि एक तोडलं. आपल्या दारात गोदाक्का खुर्चीवर बसली होती. आता खूप म्हातारी झाली आहे, हवेला बसवतात. तिनं नातीला अडवायला हात उचलला, तोवर फळ तुटलं होतं.

"काकू, लावलं कोणी हे?" सानिकानं विचारलं.

"तुझ्या आजीनं," वहिनी म्हणाली. "स्वतःच्या हातानं."

सानिका कौतुकानं आजीकडं वळली. गोदाक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले.